शपथ होती, विचारणं नव्हतं

वैद्यकीय नीतीचा विषय निघाला की आपण थेट हिपोक्रेटिसच्या शपथेपाशी येतो. ग्रीसमधली ही शपथ सुमारे २४०० वर्षांपूर्वीची. तिच्यात काय आहे बघा: कोणी मागितलं तरी विष देणार नाही, रोग्याच्या घरातलं बाहेर बोलणार नाही, जाईन ते त्याच्या भल्यासाठीच. सगळं चांगलंच. पण ‘रोग्याला विचारीन’ असं वैद्य कुठंच म्हणत नाही. भलं कशात, ते त्यानंच ठरवायचं.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. डिसेंबर १९४६मध्ये न्यूरेंबर्गला २३ जणांवर खटला उभा राहिला. त्यांतले २० डॉक्टर. छळछावण्यांतल्या कैद्यांना बर्फाच्या पाण्यात ठेवून पाहायचं, असे ते प्रयोग. ऑगस्ट १९४७च्या निकालात दहा कलमं आली. पहिलंच कलम: ज्याच्यावर प्रयोग करायचा, त्याची स्वेच्छेनं दिलेली संमती.

पण संमतीशिवाय प्रयोग नको, अशा सूचना जर्मन सरकारनं १९३१ सालीच काढल्या होत्या! म्हणजे नियम होता. समोरच्या कैद्याला माणूसच मानलं नाही, तिथं तो कागदावरच राहिला.

म्हणून ऑपरेशनआधी संमतीपत्र पुढे येतं, तेव्हा आपण नुसती सही करू नये. विचारावं. त्या हक्काची किंमत कोणीतरी आधीच मोजलेली आहे.