दुसऱ्या षटकानंतरचे तास

दौऱ्यातल्या सराव सामन्याआधी. ब्रिजटाउन, बार्बाडोस. भारतीय संघ पहिल्या दोन कसोट्या हरलेला. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पाहुण्यांना बजावतो, वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथपासून जपा. हेल्मेटचा जमाना अजून यायचा आहे.

१७ मार्च १९६२, केन्सिंग्टन ओव्हल. कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर, वय २८, सलामीला उतरतो. जोडीला मडगावचा दिलीप सरदेसाई. ग्रिफिथचं दुसरं षटक. तो धावत येत असतानाच पॅव्हेलियनची एक खिडकी उघडते आणि नजर क्षणभर हलते. चेंडू उजव्या कानाच्या वर आदळतो.

पहिली काही मिनिटं. नाका-कानांतून रक्त. तरी कर्णधार स्वतःच्या पायांनी परततो, रक्ताळलेले कपडे बदलतो. बघणाऱ्याला वाटावं, थोडक्यात निभावलं.

पुढचे तास. दुखणं चढत जातं. रुग्णालयात एक्स-रे निघतो. त्यात कवटीचा तडा दिसतो, आत साचणारं रक्त दिसत नाही. रुग्णाच्या मेंदूचं पहिलं सीटी स्कॅन व्हायला १९७१ उजाडायचं आहे. कवटी म्हणजे बंद डबा. रक्त वाढेल तसा मेंदू चेपतो, आणि दाब श्वास चालवणाऱ्या भागापर्यंत गेला की हातात काही उरत नाही.

शस्त्रक्रिया. मेंदूचा तज्ज्ञ हाताशी नाही. तिथलाच सर्जन कवटी उघडून दाब उतरवतो. रक्त हवं आहे. सर्वांत आधी बाही वर करतो तो वॉरेल, समोरच्या संघाचा कर्णधार. मग भारतीय खेळाडू पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे. त्रिनिदादहून न्यूरोसर्जन येतो आणि दुसरी शस्त्रक्रिया होते.

सहा दिवस. शुद्ध नाही. २३ मार्चला तिसऱ्या कसोटीत एकवीस वर्षांचा पतौडी भारताचा कर्णधार म्हणून नाणेफेकीला जातो. कॉन्ट्रॅक्टर वाचतो, पुढे प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळतो. कसोटी मात्र पुन्हा नाही.

आज, ओमती, जबलपूर. गल्लीत खेळणारं पोर डोक्याला चेंडू लागल्यावरही "काही नाही झालं" म्हणत चालत घरी येतं. चालत आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दुखणं वाढलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं, गुंगी आली, तर "दमलाय, झोपू दे" म्हणू नका. तडक सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. कॉन्ट्रॅक्टरही चालतच परतला होता.