शिंदेशाही पगडी

ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराची सर्वांत ठळक ओळख म्हणजे शिंदेशाही पगडी. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनऐवजी ग्वाल्हेरला तळ दिला, त्या छावणीचे लष्कर हे शहर झाले आणि दख्खनी सरदारांचा पोशाखही तिथे रुजला.

पागोटे किंवा फेटा रोज डोक्यावर बांधायचा असतो. पगडी मात्र पगडबंद आधीच घडवून ठेवतो. लाकडी कालबुतावर, म्हणजे साच्यावर, तलम कापडाची लांब, अरुंद पट्टी पिळून, ताणून, एकावर एक वेढे देत तो ती बसवतो. वेढा जरा सैल पडला तरी आकार बिघडतो. घराण्याची ओळख सांगणारा घाट त्याच्या बोटांत असे, आणि या कारागिराचे श्रेय इतिहासात फार कमी नोंदले गेले, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

कापड येई चंदेरीहून. तिथले विणकर पगड्यांसाठी खास अरुंद पट्टे विणत. 1910 मध्ये, माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, संस्थानाने चंदेरीत विणकामाचे प्रशिक्षण केंद्र काढले. पुढे पगडी रोजच्या वापरातून गेली आणि चंदेरीचे माग मुख्यतः साड्यांकडे वळले. दसऱ्याला ग्वाल्हेरच्या मांढरे की माता मंदिरातील शमीपूजनात शिंदे घराण्यातील पुरुष आजही ही पगडी घालतात.