आठवा सर्व्हर : ४५ मिनिटांत बुडालेल्या ४६ कोटी डॉलरचा इतिहास

१/ १ ऑगस्ट २०१२. सकाळी ९.३० वाजता न्यूयॉर्क शेअर बाजार उघडला. पुढील ४५ मिनिटांतील व्यवहारांपायी 'नाइट कॅपिटल' या बलाढ्य संस्थेने ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. यात ना अफरातफर होती, ना बाहेरचा हल्ला. आठ सर्व्हरांपैकी एकावर नवी आज्ञावली चढवायची राहून गेली होती. ही घटना बहुधा एवढ्याच वाक्यात सांगितली जाते. आजच्या थ्रेडमध्ये तिची मुळे जरा खोलवर शोधू.

२/ आधी पार्श्वभूमी. अनेक यंत्रे जोडून त्यांना एकाच यंत्रासारखे राबवायचे, ही कल्पना जुनी आहे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 'व्हॅक्सक्लस्टर' आणले. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुळवून 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे संगणक जोडून 'बेओवुल्फ' घडवला. स्वस्त यंत्रांचा समूह महागड्या यंत्राचे काम करू शकतो, हे सिद्ध झाले.

३/ या एकीची किंमतही लवकरच ध्यानात आली. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८७ मध्ये अशा प्रणालीची मार्मिक व्याख्या केली होती. तिचा आशय असा : जो संगणक अस्तित्वात आहे हेही तुम्हांला ठाऊक नाही, त्याच्या बिघाडाने तुमचा संगणक निकामी होतो, ती विकेंद्रित प्रणाली. समूह जितका एकसंध भासतो, तितका त्यातील एखाद्याचा बिघाड दृष्टीआड राहतो.

४/ आता नाइटकडे वळू. २०११-१२ च्या सुमारास अमेरिकेतील सूचिबद्ध समभागांच्या उलाढालीत या संस्थेचा वाटा सुमारे १० टक्के होता. ग्राहकांच्या मागण्या बाजारात पोहोचवण्याचे काम तिची 'स्मार्स' ही प्रणाली करी. एक मोठी मागणी आली, की तिचे लहान लहान तुकडे करून ती निरनिराळ्या बाजारांत धाडायची. बाहेरून पाहणाऱ्याला स्मार्स एकच दिसे. आत मात्र आठ सर्व्हर होते.

५/ या आठही सर्व्हरांवर 'पॉवर पेग' नावाची एक जुनी आज्ञावली पडून होती. २००३ मध्ये तिचा वापर थांबला, पण ती पुसली गेली नाही. मूळ मागणी पूर्ण झाली की तुकडे धाडणे थांबवायचे, हे सांगणारा एक मोजणी-भाग तिला जोडलेला होता. २००५ मध्ये तो भाग तिथून हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेगची चाचणी कोणी घेतली नाही. म्हणजे ती जागी झालीच, तर थांबायचे कुठे हे तिला कळणार नव्हते.

६/ १ ऑगस्ट २०१२ पासून न्यूयॉर्क शेअर बाजार किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करणार होता. त्यासाठी नाइटने नवी आज्ञावली लिहिली. मागणीवर लावायची खूण मात्र नवी घेतली नाही. पूर्वी पॉवर पेगला जागे करणारी खूणच पुन्हा वापरली. नव्या आज्ञावलीने जुनीची जागा घ्यायची होती, त्यामुळे यात कोणाला धोका दिसला नाही.

७/ २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने नवी आज्ञावली सर्व्हरांवर चढवण्यात आली. सात सर्व्हर झाले. आठवा राहिला. हे काम दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासून पाहावे, असा लेखी नियमच संस्थेत नव्हता. सातांवर त्या खुणेचा अर्थ आता 'नवी योजना' असा होता, तर आठव्यावर अजूनही 'पॉवर पेग'. एका समूहात एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदू लागले.

८/ आणि तरीही प्रणाली गप्प राहिली नव्हती! १ ऑगस्टला सकाळी ८.०१ च्या सुमारापासून तिने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ईमेल पाठवण्यास प्रारंभ केला. त्यांत स्मार्सचा उल्लेख होता आणि पॉवर पेगशी निगडित त्रुटीही नोंदलेली होती. बाजार उघडण्यापूर्वी असे ९७ ईमेल गेले. पण ते 'इशारा' म्हणून योजलेले नव्हते. असे ईमेल येताक्षणी वाचण्याची रीतच नव्हती. हाती जवळपास दीड तास होता. तो तसाच निघून गेला.

९/ ९.३० वाजता बाजार उघडला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ लहान मागण्यांपोटी स्मार्सने लक्षावधी मागण्या बाजारात ओतल्या. १५४ कंपन्यांच्या समभागांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले, ३९ कोटी ७० लाखांहून अधिक समभागांची उलाढाल झाली. नाइटकडे 'पीएमऑन' नावाचे देखरेखीचे साधन होते. पण ते आपणहून धोक्याची घंटा वाजवत नसे. पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या ध्यानात येईल, यावरच सारी भिस्त होती.

१०/ यानंतरचा क्षण या इतिहासातील सर्वांत बोधक आहे. दोष नव्या आज्ञावलीत असावा, असे गृहीत धरून ती काढून टाकण्यात आली. कोठून? ती जिथे नीट बसली होती, त्या सात सर्व्हरांवरून! त्यामुळे तेथेही जुनी पॉवर पेग उघडी पडली आणि नव्याने येणाऱ्या मागण्यांवर तीच धावू लागली. एका सर्व्हरचा रोग आठांना जडला. उपाय चपळाईने झाला, पण निदान चुकले होते; कारण कोणत्या सर्व्हरवर काय चालू आहे, हे त्या घटकेला कोणाला दिसतच नव्हते.

११/ काही दिवसांतच बाहेरील गुंतवणूकदारांचे ४० कोटी डॉलर घेऊन नाइट कशीबशी तरली. २०१३ मध्ये ती 'गेटको'मध्ये विलीन झाली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. १६ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या बाजार-नियामकाने, म्हणजे आपल्याकडील सेबीच्या समकक्ष संस्थेने, १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला. आज आपल्याला हा सारा तपशील कळतो तो प्रामुख्याने त्या आदेशामुळे.

१२/ त्या आदेशात तंत्रज्ञाचे नाव नाही, आणि ते योग्यच आहे. 'एका माणसाची चूक' हे तात्कालिक कारण झाले. २००३ मध्ये न पुसलेली आज्ञावली, २००५ मध्ये न घेतलेली चाचणी, उसनी घेतलेली खूण, दुसऱ्या नजरेचा अभाव आणि न वाचलेले ९७ ईमेल ही साखळी नऊ वर्षांची आहे. यातील कोणताही एक दुवा तुटला असता, तर बहुधा हा अनर्थ टळला असता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एककारणी स्पष्टीकरणापासून सावध का राहावे, याचे इतके नेटके उदाहरण विरळाच.

१३/ योगायोग असा, की त्याच २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत 'प्रोमिथिअस' हे देखरेखीचे साधन आकार घेत होते. ते ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरकडे जाऊन विचारपूस करते. उत्तर आले नाही, तर तीही नोंद होते. २०१४ मध्ये गूगलने 'कुबरनेटिस' जाहीर केले. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. समूहाची अपेक्षित स्थिती एकदा लिहून द्यायची. प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी जुळते का, हे ते सतत ताडून पाहते. ही साधने नाइटच्या पतनातून जन्मली नाहीत, पण आठव्या सर्व्हरचा प्रश्न त्यांनी नेमका हाताळला.

१४/ तरीही ९७ ईमेलांचा प्रश्न कोणतेही साधन पूर्णपणे सोडवत नाही. इशारा पाठवणे यंत्राला जमते. तो कोणी वाचायचा, आणि वाचल्यावर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, हे माणसांनाच आधी ठरवावे लागते. अनेकांना एक करून राबवणे, हा या तंत्राचा अर्धा इतिहास. त्या एकातील प्रत्येकाची वेगळी खबर ठेवणे, हा उरलेला अर्धा. नाइटमध्ये तो लिहायचाच राहून गेला होता.

(थ्रेड समाप्त)