घोड्याची बाह्य शरीररचना

घोड्याची बाह्य शरीररचना म्हणजे घोड्याच्या (शास्त्रीय नाव: इक्वस फेरस कॅबॅलस) शरीराच्या बाहेरून दिसणाऱ्या व हाताने चाचपता येणाऱ्या भागांचे वर्णन होय. डोके, मान, धड, पाय आणि शेपूट असे तिचे स्थूल विभाग पाडतात. घोड्याची निवड व ओळख, खोगीर आणि लगाम यांची जुळणी, नालबंदी तसेच रोगनिदान यांसाठी या भागांचे ज्ञान आवश्यक असते. भारतीय परंपरेत या विद्येचे प्रवर्तकत्व शालिहोत्र ऋषींकडे दिले जाते. आयाळ, टाप, खूर, पुठ्ठा हे शब्द मराठीत पूर्वापार आहेत; पायांच्या काही सांध्यांसाठी मात्र पशुवैद्यकात व अश्वारोहणात इंग्रजी संज्ञाच रूढ आहेत.

डोके

दोन कानांमधील डोक्याच्या सर्वोच्च भागास माथा म्हणतात. तेथून कपाळावर येणारा केसांचा झुपका हा आयाळीचाच पुढील भाग असतो. कान एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. त्यांच्या दिशेवरून घोड्याचे लक्ष कोठे आहे हे कळते. कान मागे सपाट पाडणे हे रागाचे किंवा वेदनेचे लक्षण मानले जाते. मारवाडी घोड्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात आणि त्यावरून ही जात चटकन ओळखता येते.

डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने घोड्यास मान न वळवता सभोवतालचा बहुतेक परिसर दिसतो. तथापि कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा भाग त्याला दिसत नाही. मागून अचानक जवळ गेल्यास घोडा दचकून लाथ मारतो, त्याचे हे एक कारण आहे.

नाकपुड्या मोठ्या व प्रसरणशील असतात. घोडा केवळ नाकानेच श्वास घेतो; तोंडाने श्वास घेणे त्याला शक्य नसते. त्यामुळे मुस्कटावरील पट्टा फार घट्ट किंवा फार खाली बांधल्यास श्वसनास अडथळा होतो. जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर बोट ठेवून नाडी मोजतात. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते.

पुढील दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीचा रिकामा भाग असतो. लगामाची तोंडातील कडी याच जागी बसते. पुढील कायमचे दात जोडीजोडीने सुमारे अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या वयात येतात, म्हणून दात पाहून तरुण घोड्याचे वय बऱ्याच अचूकपणे सांगता येते.

मान व धड

मानेत ७ मणके असतात. तिच्या वरच्या कडेवर आयाळ असते. मान व डोके वरखाली करून घोडा आपला तोल सांभाळतो. लंगडणाऱ्या घोड्याचा दुखरा पुढचा पाय जमिनीवर टेकताना डोके वर उचलले जाते व निरोगी पाय टेकताना खाली जाते. या खुणेवरून दुखरा पाय ओळखतात.

मान जेथे पाठीला मिळते तेथील उंचवट्यास विदर्स म्हणतात. छातीच्या मणक्यांच्या लांब काट्यांमुळे हा उंचवटा तयार होतो. घोड्याची उंची जमिनीपासून येथपर्यंत मोजतात, कारण डोक्याप्रमाणे हा भाग वरखाली होत नाही. उंचीचे पारंपरिक एकक ‘हात’ हे असून १ हात म्हणजे ४ इंच (१०.१६ सेंमी.) होय. सामान्यतः १४ हात २ इंच (सुमारे १४७ सेंमी.) या उंचीपर्यंतच्या घोड्यास तट्टू म्हणतात, मात्र काही जाती लहान असूनही घोडा म्हणूनच गणल्या जातात.

विदर्सच्या मागे पाठ, त्यामागे कंबर आणि मग पुठ्ठे येतात. बहुसंख्य घोड्यांना बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. खोगिराचे वजन पाठीच्या कण्यावर न पडता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर विभागले जाणे आवश्यक असते. खोगीर विदर्सवर टेकल्यास तेथे जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. कंबरेला बरगड्यांचा आधार नसल्याने ओझे तिच्यावर लादणे अयोग्य मानतात. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानसारख्या ठिकाणी प्रवासी व माल घोड्यांवरून नेला जातो. तेथे या बाबींना विशेष महत्त्व आहे.

शेवटची बरगडी व मांडी यांमधील भागास कूस म्हणतात. पोटशूळ झालेला घोडा वारंवार मान वळवून कुशीकडे पाहतो. घोड्यास उलटी करता येत नसल्याने पोटशूळ प्राणघातक ठरू शकतो. बरगड्या, मान, विदर्स, खांदा, कंबर आणि शेपटीचे मूळ येथील चरबी तपासून शरीरस्थितीला १ ते ९ गुण देण्याची पद्धत हेनेके यांनी १९८३ साली मांडली. १ म्हणजे अत्यंत कृश आणि ९ म्हणजे अतिस्थूल.

पाय

घोड्यास गळपट्टीचे हाड नसते. पुढचे पाय धडाशी केवळ स्नायू व स्नायुबंध यांनी जोडलेले असतात. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागचे पाय मुख्यतः शरीर पुढे ढकलण्याचे काम करतात.

पायांच्या सांध्यांबाबत अनेकदा गैरसमज होतो. पुढच्या पायातील ज्या सांध्यास गुडघा म्हणतात तो माणसाच्या मनगटाशी जुळतो. मागच्या पायातील मागे टोक आलेला हॉक हा सांधा माणसाच्या घोट्याशी जुळतो, म्हणून घोड्याचा ‘गुडघा मागे वाकतो’ असा भास होतो. खरा गुडघा कुशीजवळ असून त्यास स्टायफल म्हणतात. या सांध्यातील वाटी अडकवून घोडा फारसे स्नायुबल न वापरता उभ्याने डुलकी घेऊ शकतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावेच लागते.

गुडघा व हॉक यांच्या खाली नळीचे हाड, फेटलॉकचा सांधा, तिरका पेस्टर्न आणि खूर असा क्रम असतो. या भागात ठळक स्नायू नसून मुख्यतः स्नायुरज्जू व स्नायुबंध असतात. ते स्प्रिंगप्रमाणे ताणले जाऊन धावताना ऊर्जा साठवतात व परत देतात. वेगवान शर्यतीत होणाऱ्या दुखापतींपैकी पुष्कळशा याच रज्जूंच्या असतात.

खूर

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, म्हणजे तिसऱ्या, बोटाच्या टोकावर उभा राहतो. त्या बोटाचे कठीण आवरण म्हणजे खूर. खुराची भिंत वरच्या कडेपासून महिन्याला साधारण ६ ते १० मिमी. वाढते. तळाशी त्रिकोणी, लवचीक गादी असते. ती धक्का शोषते व रक्ताभिसरणास मदत करते. भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावर एक फिकट रेषा दिसते. नालबंद खिळे या रेषेच्या बाहेरील, संवेदनाहीन भागात ठोकतो. खिळा आत गेल्यास घोडा लंगडतो. खुरातील हाड भिंतीला नाजूक पडद्यांनी जोडलेले असते. या पडद्यांचा दाह झाल्यास हाड जागेवरून सरकते आणि घोडा कायमचा निकामी होऊ शकतो.

त्वचा, रंग व ओळखचिन्हे

घोड्यास जवळजवळ सर्वांगावर घाम येतो. त्यातील लॅथेरिन या प्रथिनामुळे घामाचा फेस होतो. पारंपरिक वर्णनात तांबूस अंगाच्या व काळ्या आयाळीच्या घोड्यास कुमैत, पांढऱ्या व गडद पट्ट्यांच्या घोड्यास अबलख आणि चारही पाय व तोंड पांढरे असलेल्या घोड्यास पंचकल्याणी म्हणतात.

केसांचे भोवरे प्रत्येक घोड्यात निरनिराळ्या जागी असतात. परंपरेने त्यांना शुभ-अशुभ ठरवले असून गळ्यावरील ‘देवमण’ शुभ समजला जातो. अशा समजुतींचा घोड्याच्या प्रकृतीशी संबंध नसला, तरी खरेदी-विक्रीत त्यांचा किमतीवर परिणाम होतो. आधुनिक ओळखपत्रांत हेच भोवरे, पांढरे पट्टे आणि पायांच्या आतील बाजूंवरील शिंगासारखे घट्टे यांची नोंद ओळखचिन्हे म्हणून केली जाते.