नागपूरचे बारा वाजले

माणसांसारख्याच विमान कंपन्याही दोन तऱ्हांनी मरतात. काहींची अंत्ययात्रा गाजते. अमेरिकेतली पॅन अ‍ॅम डिसेंबर 1991 मध्ये गेली, तेव्हा जन्मात विमानात न बसलेले लोकसुद्धा हळहळले. काही कंपन्या मात्र सरकारी कागदावर सही होऊन गुपचूप जातात. हिमालयन एव्हिएशन ही त्या दुसऱ्या जातीची. नाव हिमालयाचं आणि राबली नागपूरच्या उन्हाळ्यात!

आंबागडच्या माणसानं विमानांवर लिहावं, याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. आमच्या गावाला मिरवायला आहे तो एक पडका किल्ला. बख्त बुलंदाचा सुभेदार राजा खान पठाण यानं तो 1700 च्या सुमारास बांधला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. तिथल्या विहिरीचं कुजकं पाणी पाजून कैद्यांना मारत, असं गॅझेटियरात लिहिलंय. म्हणजे आंबागडला पोचण्याची सोय फार जुनी. परतीची तेवढी नव्हती.

पण नागपूर आमचं मोठं गाव, आणि कलकत्त्याहून नागपूरला येणारं विमान आमच्या भंडारा जिल्ह्याच्याच आकाशातून जायचं. रात्री घरघर ऐकू आली की आमचे आजोबा म्हणत, "टपालाचं इमान चाललं बाप्पा, झोपा आता!" ते स्वतः आगगाडीतसुद्धा जीव मुठीत धरून बसत. पण विमानाशी आपला व्यवहार आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आणि तसा तो होताही.

झालं होतं असं. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं, आणि चौघांनी मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला भेटायचं. तिथं थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावची टपालं घेऊन उजाडायच्या आत घरी परतायचं. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर ठेवलं की चारांत भागतं. हा हिशेब लग्नघरातल्या आत्याबाईला शिकवावा लागत नाही. चारी दिशांचे पाहुणे ती एकाच मांडवात बोलावते, आहेर इकडचे तिकडे होतात आणि पहाटे सगळे आपापल्या गाडीला लागतात. फरक इतकाच, की नागपूरला हे लग्न रोज होतं आणि रुसवेफुगवे काढायला वेळ नव्हता.

ही सेवा 1949 मध्येच हिमालयन एव्हिएशनकडे आली. त्याच वर्षी दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या खात्यानं आणखी एक गोष्ट केली. देशातली साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानानं न्यायची! ही योजना सुरू झाली 1 एप्रिलला. तारखेवर जाऊ नका, थट्टा नव्हती. त्याआधी विमानाचं टपाल म्हणजे साहेबाचं टपाल. आता आंबागडहून तुमसरला गेलेलं, हळदीचे डाग पडलेलं पाकीट आगगाडीनं नागपूर गाठी आणि मध्यरात्री गिरणीमालकाच्या पत्राच्या मांडीला मांडी लावून कलकत्त्याला उडे. स्वातंत्र्य मिळालं म्हणजे नक्की काय मिळालं, असं विचारणारे तेव्हाही पुष्कळ होते. त्यांना हे पाकीट दाखवता आलं असतं.

1 ऑगस्ट 1953 ला सरकारनं आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स केली. त्यात हिमालयनचं नाव पुसलं गेलं. विमानं मात्र रोज रात्री येतच राहिली. टपालाबरोबर प्रवासीही असत. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री सोनेगावहून उडालेलं एक डकोटा लगेच कोसळलं. त्यात 13 माणसं गेली. कामगार पुढारी हरिहरनाथ शास्त्री त्यांतले एक. सकाळी दारात पडणारं पत्र किती महाग असू शकतं, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतरही वैमानिक अंधारात निघत आणि अंधारात परतत. पत्र वाचणाऱ्याला त्यांचं नाव माहीत नसे, आणि पत्रात ते लिहायची पद्धतही नव्हती.

ऑक्टोबर 1973 मध्ये ही सेवा बंद झाली. आता गंमत पाहा. त्याच वर्षी 17 एप्रिलच्या रात्री अमेरिकेत मेम्फिस नावाच्या गावी फेडरल एक्सप्रेस या नव्या कंपनीची 14 विमानं निघाली. पंचवीस शहरांचा माल रात्री एका मधल्या गावी आणायचा, वाटायचा आणि सकाळी पोचवायचा! पहिल्या रात्री सगळी मिळून 186 पुडकी होती. आमच्या तुमसरच्या पोस्टमास्तरनं त्यासाठी चष्मासुद्धा काढला नसता. पुढे ती कंपनी जगभर पसरली, आणि त्या युक्तीवर धंद्याच्या शाळांत धडे झाले.

मेम्फिसनं नागपूरची नक्कल केली, असं मी म्हणत नाही. अशी युक्ती ज्याला सुचेल त्याची. पण तिकडे दुकान उघडलं त्याच वर्षी आपण चोवीस वर्षं चाललेल्या दुकानाला कुलूप लावलं, एवढं तरी आठवणीत ठेवायला हरकत नाही. किल्ला पडला तरी दगड उरतात. टपालाचं काम पत्र पोचलं की संपतं. घरातल्या जुन्या ट्रंकेत त्या काळचं एखादं पाकीट निघालं, तर त्यावरचे शिक्के जरा उजेडात धरून पाहा. कलकत्त्याच्या शिक्क्याची तारीख भलतीच लवकरची निघाली, तर समजा, त्यानं एक रात्र नागपुरात जागून काढलीय.