रस्त्याकडेची निळी पानं

ही गोष्ट सुरू होते द्राक्षचोरांपासून. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या मेदॉक भागात येणारे-जाणारे लोक रस्त्याकडेच्या वेलींवरचे घड तोडून खायचे. वैतागलेले बागायतदार मग त्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवलेलं पाणी शिंपडायचे. पानं निळसर, विषारी दिसली की कोण हात लावणार?

१८८२ साली वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे तिथून जात होते. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने बागा उघड्याबोडक्या झाल्या होत्या. रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या! मिलार्देंनी रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्यासोबत प्रयोग केले आणि १८८५ साली उपाय जाहीर केला. तेच आपलं बोर्डो मिश्रण.

द्राक्षं वाचली. पण मोरचुदातलं तांबं कुठे गेलं?

कुठेच नाही. तांबं हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, विरत नाही. पावसाने पानांवरून ओघळतं आणि मातीच्या वरच्या थरात सेंद्रिय पदार्थांना, चिकणमातीला धरून बसतं. साध्या मातीत ते किलोमागे काही दशक मिलिग्रॅम असतं. बोर्दोच्या जुन्या बागांत ते काहीशेवर गेलेलं आढळतं. जुन्या वेलींची मुळं खोल असतात, त्या तग धरतात. झळ बसते ती गांडुळांना, सूक्ष्मजीवांना आणि त्याच जागी लावलेल्या कोवळ्या रोपांना. माती आम्लधर्मी असेल तर जास्तच.

वाइनमध्ये ते फारसं उतरत नाही, कारण आंबवताना बरंचसं तांबं यीस्टच्या गाळासोबत खाली बसतं. म्हणजे पेला स्वच्छ, आणि मातीचं दुखणं पिणाऱ्याला दिसतच नाही.

गंमत म्हणजे सेंद्रिय शेतीलाही हे मिश्रण चालतं; केवड्यावर तिच्याकडे तितका खात्रीचा दुसरा उपाय नाही. म्हणून युरोपीय संघाने २०१८ साली बंदी न घालता मर्यादा ठरवली : हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो तांबं.

आपल्या नाशिक-सांगलीकडेही बोर्डो वापरतात. मिश्रणात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, असं समजायचं. ही परीक्षा टाकीतल्या पाण्याची झाली. मातीची वेगळी करावी लागते. माती परीक्षणाच्या अहवालात तांब्याचा आकडा आपण पाहतो, तो सहसा कमतरता आहे का हे बघायला. वर्षानुवर्षं फवारलेल्या बागेत तोच आकडा उलट बाजूनेही वाचायला हवा, निदान जुनी बाग काढून नवी लावण्याआधी तरी.