शेत, बांध आणि भास्कराचार्यांचं पिशाच

चौथी-पाचवीच्या वर्गात आयताचं क्षेत्रफळ विचारा. काही मुलं हमखास चारही बाजूंची बेरीज करून मोकळी होतात. परिमिती विचारली की तीच मुलं लांबी-रुंदीचा गुणाकार करतात. सूत्रं पाठ नाहीत म्हणून आपण त्यांना रागावतो. खरं तर सूत्रं दोन्ही पाठ असतात, कुठलं कुणाचं एवढंच कळत नसतं, कारण ते दोन शब्द कुणी फोडून दाखवलेले नसतात.

'क्षेत्रफळ'मधलं क्षेत्र म्हणजे आपलं शेतच. संस्कृत क्षेत्र, प्राकृतात खेत्त किंवा छेत्त, आणि मराठीत शेत. सातबाऱ्यावर जमिनीच्या आकाराला आजही 'क्षेत्र'च म्हणतात. फळ ऐकून मुलांना आंबा-पेरू आठवतो, पण गणितात फळ म्हणजे क्रियेतून हाती आलेलं उत्तर. आर्यभटाने 499च्या सुमारास त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला 'फलशरीर' असा झकास शब्द वापरला आहे. घनफळातलं फळही हेच.

'परिमिती'त परि म्हणजे सभोवार. परिसर आणि परिक्रमा यांतला. मिती आली 'मा' म्हणजे मोजणे या धातूपासून. माप, प्रमाण, अपरिमित ही सगळी त्याचीच भावंडं. (वर्तुळाच्या परीघाची गंमत वेगळीच. संस्कृतात परिघ म्हणजे दाराचा अडसर. वर्तुळासाठी जुना शब्द परिधी. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र अडसरच रूढ झाला.)

म्हणजे बांधावरून एक फेरी मारली तर जेवढं चाललो ती परिमिती आणि बांधाच्या आत जेवढं पेरता येतं ते क्षेत्र. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. हे 33 आले इंग्रजी मोजणीच्या 66 फुटी साखळीच्या निम्म्यातून. या चौरस गुंठ्याचा बांध 132 फुटांचा. आता 60 फूट लांब आणि 6 फूट रुंद पट्टी घ्या. बांध तेवढाच, 132 फूट. क्षेत्र फक्त 360 चौरस फूट. बांध घालायची मेहनत सारखी, पीक मात्र जेमतेम तिसरा हिस्सा. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आयत आणि चौरस हे शब्द एकाच घरातले. शुल्बसूत्रांत आयताला दीर्घचतुरस्र म्हटलं आहे. पुढे आयतचतुरस्र आलं. अस्र म्हणजे कोन, आयत म्हणजे ताणलेला, लांबट. आपण शेपूट सोडून 'आयत' ठेवलं. समभुज आकृती होती समचतुरस्र. तिथे डोकं गळालं आणि चतुरस्राचा झाला चौरस. म्हणजे नावाप्रमाणे पाहिलं तर आयतही चौरसच, चार कोनांचा! 'चौरस फूट' हे एकक मुलांना या वाटेने सांगितलं तर ते उत्तरापुढे चिकटवलेलं शेपूट वाटणार नाही: एक फूट बाजूच्या चौरसांनी आयत भरला, ते किती लागले, एवढंच ते सांगतं.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (1150) याच गोंधळाच्या थोरल्या भावाचा समाचार घेतला आहे. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू देऊन त्याचं निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलं, आणि उत्तर देणाऱ्याला तर त्याहून सवाई. कारण चार काड्यांची चौकट कोपऱ्याला धरून दाबली तर बाजू तेवढ्याच राहतात आणि आतली जागा आकसत जाते. वर्गात हे करायला चार काड्या आणि थोडी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब पुरते.

तेव्हा गुरुजी, बाई, फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी एकदा मुलांना मैदानात न्या. चुन्याने आयत आखा, काही मुलांना रेषेवरून चालवा, बाकीच्यांना आत बसवा. मग दोन्ही शब्द सांगा. सूत्र त्यानंतर लिहिलं तरी चालेल.